अर्ध्या कोयत्याची उचल

सेलू, ११ सप्टेंबर २०२२

चि. राजेश्री हिला बन्सीधरमामाचे आशीर्वाद.

तुझ्या मायीचा, मनकर्णाचा, फोन आला होता. तुला नांदेडला नर्सिंगच्या डिग्रीला जागा मिळायलीय, पण ती संस्थेच्या कोट्यातली असल्यानं फीमध्ये सवलत नाही. पाच लाखांचं कर्ज काढावं लागेल आणि जामीन मामानं राहावं, असं तिचं म्हणणं. मी 'बघू' म्हणालो. फोनवर मी कुणालाच हो म्हणत नाही. मला आधी आवाज ऐकू येतो आणि शब्द मागून येतात. म्हणून पैशाची गोष्ट मी कागदावर करतो.

बाजारात हमाली करायचो तेव्हा पाठीवर कापसाचं गाठोडं आणि कान दलालांच्या कुजबुजीकडे, असाच भाव शिकलो. आज जिनिंगमध्ये भागीदार आहे तो त्या कानांमुळं. तर परवा परभणीला कामानं गेलो आणि एका खाजगी दवाखान्यात उगाच बाकावर जाऊन बसलो. दोघी सिस्टर चहा पीत होत्या.

"या महिन्यात बी बाराच का गं?"

"बारा कुठले. सुट्ट्या कापून साडेदहा."

"आन खोलीचं भाडं?"

"खोली, मेस, आन मग उरलं त्याच्यात चपला."

पोरी, पाच लाखांना हप्ता महिना आठ हजारांच्या आसपास बसतो. साडेदहातून आठ गेले की चपला सोड, खोलीसुद्धा राहत नाही. चार वर्षं घालवून हे मिळणार असेल तर मला सही करायला हात उचलत नाही.

मी नको म्हणत नाही. मला समजावून सांग. पटलं तर जामीन राहीन. पैसे मात्र हातावर ठेवणार नाही. दाजी बायकोच्या माहेरचा पैसा घेणार नाहीत हे एक, आणि फुकट मिळालेलं अंगी लागत नाही हा माझा अनुभव आहे.

तुझा
बन्सीधरमामा

बोरी, १९ सप्टेंबर २०२२

मामा, नमस्कार.

तुम्ही पगार ऐकलात, पण कुणाचा ते विचारलं नाहीत. त्या दोघींच्या अंगावर नर्सिंगच्या नोंदणीचा बिल्ला होता का? लहान दवाखान्यांत बारावी झालेल्या मुलींना पांढरा ड्रेस घालतात आणि सिस्टर म्हणतात. त्यांना मिळतात साडेदहा. डिग्री आणि नोंदणी असली तर मोठ्या शहरात सुरुवातच वीसच्या पुढं आहे. सरकारी जागा निघाली आणि परीक्षेत लागले तर त्याच्या दुप्पट. जागा कधी निघेल ते मला माहीत नाही, खोटं कशाला बोलू. पहिली दोन वर्षं ओढाताण होईल. नंतर होणार नाही.

आणि मला हे काम येतं. जनावरांच्या डॉक्टरांनी एकदा दाखवलं तेव्हापासून आळीतल्या सगळ्या शेळ्यांना इंजेक्शन मीच देते. एकही शेळी माझ्यावर नाराज नाही.

काळजी बाबांची आहे. बँकेत साहेबांनी सगळं समजावलं आणि शेवटी विचारलं, काही शंका? बाबा म्हणाले, "हंगाम किती दिवसांचा?" साहेबांना कळेना. मी म्हटलं, चार वर्षं शिक्षण, मग वर्षभर सवलत, मग हप्ते. बाबा म्हणाले, "काम न करता पाच वर्षं उचल कोन देतं? मुकादम एक हंगाम थांबत न्हाई." त्यांनी जन्मभर एकच कर्ज पाहिलंय, ऊसतोडीच्या आधी मुकादम देतो ती उचल. छातीत दम राहत नाही म्हणून तीन वर्षांपूर्वी ऊस सोडला, पण डोक्यातून सुटलेला नाही. ते तुमचं ऐकतात. एकदा येऊन समजावाल का?

तुमची
राजेश्री

सेलू, २ ऑक्टोबर २०२२

चि. राजेश्री,

शेळ्यांचा दाखला पटला. कागदावर सही करून आलो. काल तू झेरॉक्स काढायला गेलीस तेवढ्यात दाजींशी बोललो. व्याज, सवलत, मुदत, सगळं सांगून झालं. ते नुसते मान हलवत होते. शेवटी मी त्यांच्याच भाषेत म्हटलं, "दाजी, ही बँकेची उचल समजा. फक्त फेडायची ती पोरीनं, नोकरी लागल्यावर."

तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा झाला. म्हणाले, "असं सांगा की. म्हंजे आमचा दोघांचा कोयता. कागदावर तिची सही हाय आन तिच्या शेजारी माझी."

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, एकट्या माणसाला अर्धा कोयता. बाप-लेकीचा कोयता मी पहिल्यांदा ऐकला. हसलो आणि म्हटलं, बरोबर समजलात. तुझं काम झालं. आता अभ्यास कर.

बन्सीधरमामा

नांदेड, ३ डिसेंबर २०२३

मामा, नमस्कार.

पत्राला उशीर झाला. वॉर्डन आमचे फोन काढून घेते आणि रविवारी तासभर देते, त्यात मायीशी आणि बाबांशी बोलणं होतं. दुसरं वर्ष सुरू झालं. परवा मी एका आजोबांना सलाईन लावलं. सुई पहिल्याच खेपेला शिरेत गेली. आजोबा म्हणाले, "कळलं बी न्हाई गं."

लिहायचं कारण वेगळं. माय म्हणाली, दिवाळी झाल्यापासून तुम्ही बाबांना जिनिंगवर गेटच्या कामाला ठेवून घेतलंत. मामा, तुम्ही पैसे देणार नाही म्हणाला होतात तेव्हा मला थोडा राग आला होता, आता सांगते. पण बाबांना बसायचं काम दिलंत. त्यांचा फोन येतो तेव्हा मागं मशीनची घरघर ऐकू येते. मी विचारलं, एवढा आवाज कसला? म्हणाले, "कापूस पिंजायलेत." ते दोन्ही वेळा नीट जेवतात ना, तेवढं बघा.

राजेश्री

सेलू, १० डिसेंबर २०२३

दाजी, रामराम.

तुम्ही दिवाळीपासून माझ्या जिनिंगच्या गेटवर आहात, असं पोरीच्या पत्रावरून कळलं. मी रोज त्याच गेटातून जातो, मला काही तुमचं दर्शन झालं नाही. मनकर्णाला खोदून विचारलं तेव्हा रडत म्हणाली, बजरंग मुकादमाच्या टोळीबरोबर सांगलीकडं गेलेत. बजरंग गावी आलाय, त्याच्याच हाती ही चिठ्ठी देतो.

या वयात, या छातीनं ऊस? कशासाठी? बँक एक पैसा मागत नाही. परत या. गेटची खुर्ची खरोखर रिकामी आहे.

बन्सीधर

मुक्काम टोळीवर, २१ डिसेंबर २०२३

पाव्हण्यायला सूर्यभानचा रामराम.

चिठ्ठी भेटली. तुमी रागावू नका. तुमीच म्हनलात, उचल समजा. उचल घेतली आन घरी बसलं हे आमच्या घरात कुनी केलं न्हाई. पोरगी तिकडं तिचा अर्धा करायलीय, रातभर जागून. मंग माझा अर्धा कोन करल. मनकर्णाचे गुडघे गेलेत म्हून एकटाच आलो. अर्ध्या कोयत्याला उचल कमी देतेत पर देतेत. ती मुकादमाकडून घेतली आन बोरीच्या बँकेत पोरीच्या खात्यावर भरली. साहेब म्हनला आत्ता भरायची गरज न्हाई. म्या म्हनलं भरून घ्या. उद्या माझं काय झालं तर बँकवाले पोरीच्या सासरी जातील, भांडे उचलतील, तिचं नाव निघंल.

तुमच्या खुर्चीचा पगार नको. बायकोच्या भावाच्या दारात बसून खानं मला जमायचं न्हाई. तुमी वाईट वाटून घेऊ नका.

पोरीला सांगू नका. सांगितलं तर ती शाळा सोडून घरी येईल, मंग दोघांचं बी गेलं. तुमाला मनकर्णाची आन हाय.

सूर्यभान

सेलू, २ जानेवारी २०२४

चि. राजेश्री,

तुझे बाबा मजेत आहेत. सकाळी गेट उघडतात, गाड्यांचे नंबर लिहितात आणि दुपारी पेपर वाचतात. जेवायला आमच्याकडेच. तुझी मामी त्यांना आग्रह करते आणि ते नको नको म्हणत तिसरी भाकरी घेतात. गेटवरचं एक तांबडं कुत्रं त्यांच्या मागं मागं असतं. तू फिकीर करू नकोस.

बन्सीधरमामा

नांदेड, १८ ऑगस्ट २०२४

मामा, नमस्कार.

तुमच्यासाठी ताजा भाव आणलाय. यंदा बाहेर पडलेल्या मुलींपैकी दोघी पुण्याला बावीस हजारांवर लागल्या. एक संभाजीनगरला सतरावर आहे. एक घरीच आहे, तिच्या सासरचे रात्रपाळी नको म्हणतात. म्हणजे मी सांगितलं होतं तेवढं सोपं नाही, आणि तुम्ही ऐकलं होतं तेवढं वाईटही नाही. बावीस मिळाले तर हप्ता देऊन माझं भागेल. सतरा मिळाले तर दोन वर्षं कपडे घेणार नाही.

बाबा उन्हाळ्यात घरी होते. बरेच वाळलेत. कुत्र्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "कंचं कुत्रं?" वय झालं आता त्यांचं, विसरतात. यंदा त्यांना गेटवरच ठेवा, वजन उचलू देऊ नका.

राजेश्री

सेलू, २५ जानेवारी २०२५

चि. राजेश्री,

तुझं तिसरं वर्ष म्हणजे अर्धी डॉक्टरच झालीस. म्हणून फुकटचा सल्ला विचारतो. दाजींच्या छातीत आठ-दहा दिवसांपासून जळजळ होते. काम करताना वाढते, बसलं की कमी होते. पित्त असावं. त्यांनी ओव्याचं पाणी घेतलं, त्यानं थोडं बरं वाटलं म्हणतात. डावा खांदा भरून येतो, तो कशानं? एखादी साधी गोळी असली तर कळव.

बन्सीधरमामा

नांदेड, १ फेब्रुवारी २०२५

मामा,

तुमचं पत्र काल मिळालं आणि वॉर्डनच्या पाया पडून मी फोन केला. फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून लिहिते. काम केलं की वाढणारी आणि बसलं की थांबणारी जळजळ पित्ताची नसते. खांदा भरून येतो तो त्याच दुखण्यातला आहे. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला दहा मिनिटं लागतात. तुमच्या गेटापासून दवाखाना हाकेवर आहे. तोवर त्यांना एक पाऊलही चालू देऊ नका.

"आजच नेतो" म्हणालात, पण त्याआधी गप्प झाला होतात. मी दोनदा हॅलो म्हटलं. बाबांना फोन द्या म्हटलं तर म्हणालात, ते जरा लांब आहेत. गेट किती लांब आहे मामा? मला सांगत नाही असं काही आहे का?

राजेश्री

बोरी, २ मार्च २०२५

बन्सीधरमामा,

तेराव्याला तुम्ही आलात आणि माझ्याशी न बोलता गेलात. मीही बोलले नाही.

बाबांना आणलं तेव्हा जीप सेलूच्या रस्त्यानं आली नाही. आणि मी त्यांचे हात पाहिले. कोपरापर्यंत उसाच्या पाल्याचे चरे होते, काही जुने, काही ओले. जिनिंगच्या गेटवर हाताला असं होत नाही. मायीला विचारलं तर तिनं सगळं सांगितलं. दोन हंगाम झाले म्हणे.

तुम्हाला जळजळ कळली, खांदा कळला, आणि तुम्ही मला गोळी विचारलीत. खरी जागा सांगितली असती तर मी ओव्याच्या पाण्यावर एक दिवस जाऊ दिला नसता. मी स्वतः गेले असते. मी हेच शिकायलेय, मामा.

काल बजरंग मुकादम येऊन गेला. तसा नीट बोलला. ओट्यावर बसून पाणी प्यायला आणि म्हणाला, "मानूस चांगला होता, पर हंगाम अर्धा राहिला वहिनी, उचल अंगावर राहिली." बँकेला माझ्याकडून अजून अडीच वर्षं तरी काही नकोय. बाबांनी थांबणाऱ्या कर्जात पैसे घातले आणि न थांबणारं कर्ज अंगावर घेतलं. माय म्हणते, पुढच्या हंगामाला मी जाते. त्या गुडघ्यांनी.

मी कॉलेजला गेलेली नाही.

राजेश्री

सेलू, ९ मार्च २०२५

चि. राजेश्री,

तुझं एक फेब्रुवारीचं पत्र मी परत आल्यावर वाचलं. तू फोन ठेवलास तेव्हाच मी निघालो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी उसाच्या फडावर पोचलो. तुला ठाऊक नाही ते सांगतो, मग काय म्हणायचं ते म्हण.

तुझा बाप मोळ्या वाहत होता. मला बघून हसला. म्हणाला, "पाव्हणं, जिनिंग हिकडं हलवली का काय?"

मी म्हटलं, "दाजी, आधी दवाखान्यात चला. पोरीचा हुकूम आहे."

"पोरीला सांगितलं?"

"दुखतंय एवढंच सांगितलं."

"मंग ही गाडी भरू द्या. अर्धी झालीय. भरली की येतो तुमच्यासंगं."

राजेश्री, मी अठरा वर्षं हमाली केली. अर्धी भरलेली गाडी सोडून जाणाऱ्या हमालाला आमच्यात कुणी पुन्हा उभं करत नसे. ते मला इतकं बरोबर वाटलं की मी वाद घातला नाही. बांधावर बसून राहिलो. तू लिहिलेलं तोवर वाचलं नव्हतं, पण फोनवर तू 'चालू देऊ नका' म्हणाली होतीस. मी ते ऐकलं होतं.

तो गाडीला लावलेल्या फळीवरून वर चढला, मोळी टाकली आणि तिथंच खाली बसला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

'उचल समजा' हे माझे शब्द. मला वाटलं होतं, किती सोपं करून सांगितलं.

आता ऐक. बँकेचं सगळं कर्ज मी भरतो. उद्याच भरतो. तू नांदेडला जा.

बन्सीधरमामा

नांदेड, २३ मार्च २०२५

मामा,

आले. प्राचार्य मॅडमनी हजेरीचं सांभाळून घेतलं. माझी ड्यूटी आता हृदयाच्या वॉर्डात आहे. मी बदलून मागितली नाही.

बँकेचं कर्ज तुम्ही भरू नका. बाबांच्या जागी मायीची सही घेतली, ते आता माझं आणि तिचं आहे. पगार सतरा मिळो की बावीस, ते माझ्या पगारातून जाईल. मी त्याच हिशोबानं शिकायला आले होते आणि तो हिशोब चुकीचा नव्हता.

पण मुकादमाचे पैसे तुम्ही द्या. बाबा असते तर नको म्हणाले असते, म्हणून मी मागते. मायीला उसात जाऊ द्यायचं नाही. ती तुमचं काही घेणार नाही, तेव्हा तिला न विचारता परस्पर बजरंगला द्या आणि मग सांगा. तुमच्यावरचा राग गेलेला नाही. हे काम मात्र तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

राजेश्री

सेलू, ३१ मार्च २०२५

चि. राजेश्री,

परवा बजरंगला गाठून त्याचे पैसे दिले. त्यानं मोजून घेतले आणि म्हणाला, "सूर्यभानचं आता कायच राहिलं न्हाई." तिथून तसाच बोरीला गेलो.

मनकर्णा अंगणात बसली होती. शेजारी पाण्याचं तांब्याभांडं आणि धार लावायची सहाण. दाजींचा कोयता घासायली होती. पुढच्या हंगामाला सात महिने आहेत. मी म्हटलं, "ठेव तो. मुकादमाचं फिटलं. मी आत्ताच देऊन आलो. तुला कुठं जायचं नाही."

मला वाटलं होतं, ती रागावेल. माहेरचा पैसा म्हणून बोलेल. काय उत्तर द्यायचं ते रस्त्यानं जुळवत आलो होतो. तिनं कोयता धुतला, पदरानं पुसला आणि मांडीवर घेऊन बसली. म्हणाली, "दादा, त्यायच्यासाठी माझ्या हातून करायचं तेवढंच राहिलं होतं. ते बी तू फेडून आलास."

मी आणखी थोडा वेळ बसलो. तिनं चहा केला, तो प्यायलो आणि निघालो.

रविवारी फोन हातात आला की आधी तिला कर. पगाराचं काही बोलू नकोस. नुसतं बोलत राहा.

बन्सीधरमामा